साखरपुडा तोंडावर, आणि कपाटात केमोची फाइल

पत्र थोडक्यात असं :

वाचकाचं वय २८. घर सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. २००५ साली, आठव्या वर्षी मानेत गाठ आली आणि हॉजकिन लिम्फोमाचं, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाचं, निदान झालं. मुंबईत उपचार झाले : केमोच्या सहा सायकल आणि त्यानंतर मानेला लाइट, म्हणजे रेडिएशन. तेव्हापासून तब्येत ठणठणीत. आता लग्न ठरलंय, दिवाळीनंतर साखरपुडा आहे. मुलीकडच्यांना आजारपणाचं काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणते, वीस वर्षांपूर्वीचं उकरून काढायचं नाही, धाकट्या बहिणीचं अजून व्हायचंय. मामा म्हणतात, एवढ्या लहानपणीच्या औषधांचा मूल होण्याशी काय संबंध, वयात आल्यावर सगळं नव्यानं तयार होतं. वाचकानं मात्र इंटरनेटवर रात्र रात्र वाचून स्वतःची खात्री करून घेतली आहे की आपण बाप होणार नाही. दाढी-मिशी, इच्छा, ताठरता सगळं व्यवस्थित असल्यामुळे गोंधळ आणखी वाढलाय. वीर्यतपासणीचा धीर होत नाही. ते लिहितात, "रिपोर्ट चांगला आला तर कुणाला काही सांगायची गरजच नाही. वाईट आला तर स्थळ मोडतो आणि आयुष्यभर लग्नाचं नाव काढत नाही." जिममधल्या ट्रेनरनं 'ताकदीसाठी' टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली आहेत, ती घ्यावीत का, असंही विचारलंय. सोबत जुन्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन माणसं अगदी ठामपणे बोलताहेत : आई, मामा आणि तुम्ही. आई म्हणते विषय संपला, मामा म्हणतात काही झालेलं नाही, तुम्ही म्हणता सगळं संपलं. आणि तपासणी कुणीच केलेली नाही.

मामांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्यासारखं बोलणारे पुष्कळ आहेत. एके काळी डॉक्टर मंडळींतही असाच समज होता. वयात येण्याआधी शुक्राणू तयारच होत नाहीत, मग केमो मारणार कोणाला, असं ते साधं गणित. पण शुक्राणू ज्यांच्यापासून तयार होतात त्या मूळ पेशी मुलाच्या वृषणात जन्मापासून असतात आणि लहान वयातही त्या हळूहळू विभागत राहतात. पेरणी मृगात करायची म्हणून कणगीतल्या बियाण्याला कीड लागायची थांबते का? मूळ पेशींचा साठाच घटला, तर वयात आल्यावर नव्यानं तयार व्हायला काही उरत नाही, किंवा थोडंच उरतं.

याचा नीट हिशेब मांडणारा एक अभ्यास अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयानं केला आणि २०१४ साली तो 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त छापून आला. लहानपणी कर्करोगाचे उपचार घेऊन मोठ्या झालेल्या २१४ पुरुषांची त्यांनी वीर्यतपासणी केली. सगळ्यांना सायक्लोफॉस्फामाइडच्या गटातली औषधं मिळालेली होती. २५ टक्के जणांच्या वीर्यात शुक्राणू सापडले नाहीत, २८ टक्क्यांमध्ये कमी सापडले आणि ४८ टक्क्यांमध्ये संख्या ठीक होती. उपचाराच्या वेळी मुलगा किती वर्षांचा होता, यानं निकालात फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो औषध एकूण किती मिळालं यामुळे.

म्हणजे मामांचं चुकलं. पण त्या ४८ टक्क्यांकडे पाहिलं तर तुमचंही चुकलं.

आता डिस्चार्ज कार्डाकडे वळू. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे गणित तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण ते तुम्हालाही कळण्यासारखं आहे आणि ते करून पाहिल्यावर रात्रीचं वाचन थोडं कमी होईल, अशी मला आशा आहे. कार्डावर दोन औषधं आपल्या कामाची आहेत. सहा सायकल मिळून शरीराच्या दर चौरस मीटरमागे सायक्लोफॉस्फामाइड ३,६०० मिलिग्रॅम आणि प्रोकार्बाझिन ४,२०० मिलिग्रॅम. अशी वेगवेगळी औषधं एकाच मापात आणण्यासाठी संशोधकांनी सायक्लोफॉस्फामाइडला प्रमाण धरलंय. प्रोकार्बाझिनच्या आकड्याला ०.८५७ नं गुणायचं, की त्याचा सायक्लोफॉस्फामाइडइतका भार निघतो. ४,२०० गुणिले ०.८५७ म्हणजे जवळपास ३,६००. दोन्ही मिळून तुमचा भार झाला ७,२०० च्या आसपास.

सेंट ज्यूडच्या अभ्यासात ज्यांचा भार ४,००० पेक्षा कमी होता, अशा ३५ जणांपैकी ३१ जणांची शुक्राणूसंख्या ठीक निघाली. त्या सुरक्षित रेघेच्या तुम्ही वर आहात, हे खरं. पण संख्या ठीक असलेल्या सगळ्यांचा सरासरी भार साडेसहा हजारांच्या पुढेमागे होता आणि ज्यांच्यात शुक्राणू नव्हतेच त्यांचा अकरा हजारांच्या जवळ. तुम्ही या दोन्हींच्या मध्ये येता, पहिल्या आकड्याच्या जरा जवळ. यातून पक्कं काही निघत नाही. इंटरनेटवर बसून जो निकाल तुम्ही स्वतःला देऊन टाकलाय, तो मात्र या आकड्यांतून नक्कीच निघत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. प्रोकार्बाझिन हे औषध मुलग्यांच्या बाबतीत फार पूर्वीपासून बदनाम आहे. जर्मनीतल्या बालकर्करोगतज्ज्ञांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात हॉजकिनच्या पहिल्या टप्प्यातून ते केवळ मुलग्यांसाठी काढून टाकलं आणि त्या जागी एटोपोसाइड आणलं. मुलींचे उपचार तेव्हा होते तसेच ठेवले होते. पुढे २००२ च्या अभ्यासात मुलग्यांच्या नंतरच्या सायकलमधलंही प्रोकार्बाझिन गेलं आणि डाकार्बाझिन आलं. एखाद्या आजारात मुलगा आहे की मुलगी हे पाहून औषध बदलायचं, तेही पुढे त्याला बाप होता यावं म्हणून, हे मला त्या सगळ्या इतिहासात फार मोलाचं वाटतं. तुमच्या वेळी जे दिलं तेही जगभर वापरात असलेलं, जीव वाचवणारं औषध होतं. तेव्हा तुमच्या आई-वडिलांचं देवाकडे आणि डॉक्टरांकडे एकच मागणं असणार : पोरगं वाचू दे. ते पुरं झालं. आईला याबद्दल अपराधी वाटायला लागलं तर तिला हे सांगा.

दाढी-मिशीचं कोडं त्या मानानं सोपं आहे. वृषणात दोन कामं चालतात. काही पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, त्यावर आवाज, दाढी, इच्छा, ताठरता अवलंबून असते. दुसऱ्या पेशींपासून शुक्राणू तयार होतात. पहिल्या प्रकारच्या पेशी केमोला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, दुसऱ्या नाजूक असतात. त्यामुळे लैंगिक आयुष्य अगदी व्यवस्थित असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, असं होऊ शकतं. डोळ्यांनी पाहून वीर्यात फरकही कळत नाही, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. नपुंसकत्व आणि वंध्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कट्ट्यावर त्यांची सरमिसळ होते आणि त्या भीतीनं पुरुष तपासणीच्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत.

आता तपासणी. पुण्यात राहता, तेव्हा वंध्यत्वाच्या दवाखान्याशी जोडलेली लॅब गाठा, तिथे हे काम रोजचं असतं. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून जायचं. नमुना शक्यतो तिथल्याच खोलीत द्यायचा. तिथे जमत नसेल तर आधी विचारून घरून आणता येतो, पण तासाभराच्या आत आणि डबी थंड होऊ न देता, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. बाहेरच्या बाकावर बसलेले बहुतेक जण त्याच कामाला आलेले असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आला म्हणजे होईलच असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडा घसरतो. म्हणून पहिला रिपोर्ट वाईट आला तर दोन-तीन महिन्यांनी परत करायचा. त्याच दिवशी रक्तातलं एफएसएच, एलएच (मेंदूकडून वृषणाला इशारा देणारी हार्मोन्स) आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघून घ्या. एफएसएच बरंच वाढलेलं असेल तर मेंदू वृषणाला हाका मारतोय आणि तिकडून पुरेसा प्रतिसाद नाही, असा अंदाज बांधता येतो.

समजा, दोन्ही वेळा शुक्राणू सापडलेच नाहीत. तरीही दार बंद होत नाही, फक्त अरुंद होतं. वृषणात शुक्राणू तयार करणारी छोटी छोटी बेटं काही वेळा टिकून राहिलेली असतात, पण तिथले शुक्राणू बाहेर पोचण्याइतके नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून ती बेटं शोधण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या सुमारास पुढे आली. तिला मायक्रो-टेसे म्हणतात आणि आज मुंबई-पुण्यातही ती होते. केमोनंतर वीर्यात शुक्राणू नसलेल्या ७३ पुरुषांवर न्यूयॉर्कमध्येच ती केली गेली, तेव्हा ३७ टक्के जणांमध्ये शुक्राणू मिळाले. असा एकेक शुक्राणू बीजांडात टोचून गर्भ तयार करायचा, ती इक्सी पद्धत ब्रसेल्समध्ये १९९२ साली यशस्वी झाली. आणि लहानपणी कर्करोगातून वाचून मोठ्या झालेल्यांना पुढे जी मुलं झाली, त्यांच्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं अभ्यासांत दिसलेलं नाही. ही भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणारच, म्हणून आपण होऊन सांगते. बापाला हॉजकिन होता म्हणून मुलाला होणार, असंही समजू नका.

तेही जमलं नाही तर दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल. दात्याबाबत २०२१ पासून आपल्याकडे कायदा आहे. दात्याचं नाव गुप्त राहतं आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. दत्तकासाठी 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि वाट मोठी पाहावी लागते. या दोन्हीबद्दल आज ठरवायचं काहीच कारण नाही.

इथपर्यंत औषधपाण्याचं झालं. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं पुढे आहे आणि तिथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

"रिपोर्ट चांगला आला तर सांगायची गरज नाही," असं तुम्ही लिहिता. का बरं? आठव्या वर्षी तुम्ही कर्करोगातून बरे झालात, ही तुमच्या आयुष्यातली लहान गोष्ट आहे का? ज्या मुलीबरोबर पुढची चाळीस-पन्नास वर्षं काढायची, तिला ती तुमच्या एखाद्या मावशीकडून बारशाच्या गर्दीत कळणार. तुम्ही ज्या भागातले आहात तिथे ही गोष्ट गावाला माहीत नाही, यावर माझा तर विश्वास बसत नाही. गळ्यावरची खूण आहे, मुंबईच्या वाऱ्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लपवणं हा पर्याय तुमच्या हातात फक्त साखरपुड्यापुरताच आहे.

आणि रिपोर्ट वाईट आला तर? समजा सांगितलं नाही आणि लग्न झालं. वर्ष-दोन वर्षं गेली की पहिला प्रश्न कुणाला विचारला जाणार? तिला. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आधी ती जाणार, सोनोग्राफ्या तिच्या होणार, नळ्यांची तपासणी तिची होणार, हळदीकुंकवाला ओटी भरताना टोमणा तिला ऐकावा लागणार, गुरुवार तिला धरायला लावणार. तुम्ही बाजूला बसून हे सगळं बघत राहाल, कारण आता सांगितलं तर आधी का सांगितलं नाही याचं उत्तर नाही. इक्सीची वेळ आली तरी दोष तुमच्या बाजूला, पण इंजेक्शनं तिच्या पोटात, बीजांडं काढायची भूल तिला. ज्याची किंमत दुसऱ्याचं शरीर मोजणार आहे, ते त्याला विचारून ठरवावं. आईचा मुद्दा मला समजतो, पण या जागी मी त्या मुलीच्या बाजूची आहे.

कायद्याचा धाक घालण्यासाठी नाही, पण माहीत असावं म्हणून : हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कोणती गोष्ट 'महत्त्वाची' हे न्यायालय त्या त्या प्रकरणात ठरवतं. तुमच्या आईला ज्या बदनामीची भीती वाटते, ती या वाटेनं चौपट होऊन येते.

तुमचा दुसरा पर्याय, रिपोर्ट वाईट आला की स्थळ मोडून टाकायचं, तो वरवर त्यागासारखा दिसतो. मला त्यातही तिला न विचारता तिच्या वतीनं ठरवणंच दिसतं. तिला मूल किती हवंय, कसं हवंय, हवंय की नाही, तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या पत्रात त्या मुलीबद्दल ती 'बँकेत आहे' आणि 'स्वभावानं मोकळी आहे' एवढंच आहे. मोकळ्या स्वभावाच्या माणसाला निदान प्रश्न तरी विचारावा. आणि एकाच स्थळापुरतं नाही, आयुष्यभर लग्न न करण्याची शिक्षा तुम्ही स्वतःला कशाबद्दल देताय? आठव्या वर्षी आजारी पडल्याबद्दल?

म्हणून क्रम असा धरा. तपासणी याच आठवड्यात करा, पण सांगणं रिपोर्टवर टांगून ठेवू नका. रिपोर्ट हातात असेल तर उत्तम. नसेल, तर 'तपासणी दिली आहे, निकाल यायचाय' हेही खरंच आहे आणि ते सांगता येतं. सांगायचं आधी तिला, प्रत्यक्ष भेटून, साखरपुड्याची खरेदी सुरू व्हायच्या आत. मध्यस्थामार्फत नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. मध्यस्थ तुमचं वाक्य तिकडे पोचवताना 'मुलाला काहीतरी होतं' एवढंच पोचवतो आणि त्या 'काहीतरी'त काय काय मावतं ते आपल्याला माहीत आहे.

शब्द सुचत नसतील तर असं काहीसं बोला : "लग्नाआधी तुला माझ्याकडूनच कळावं असं एक आहे. मी आठ वर्षांचा असताना मला लिम्फोमा झाला होता, कर्करोगाचा एक प्रकार. उपचार झाले, मी बरा झालो, वीस वर्षांत परत काही नाही. त्या औषधांमुळे मूल होण्यात अडचण येऊ शकते, येईलच असं नाही. मी तपासणी करतोय. तुला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर आपण दोघं मिळून जाऊ. तुला विचार करायला वेळ हवा असेल तर घे, आणि नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही." शेवटचं वाक्य मनापासून म्हणता येत असेल तरच म्हणा. माफी मागू नका, तुम्ही काही केलेलं नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण तिला तुमची समजूत काढायला लावू नका. त्या दिवशी विचार करायची पाळी तिची आहे.

ती घरी सांगेल. तिच्या आईला, कदाचित बहिणीला. सांगू नकोस अशी अट घालायचा तुम्हाला अधिकार नाही, विनंती करू शकता. ती किंवा तिचे घरचे नाही म्हणू शकतात. कर्करोग हा शब्द ऐकून मागे सरणारी माणसं आहेत, आणि सगळी वाईट नसतात, घाबरलेली असतात. तसं झालं तर दुखेल. पण सहा महिन्यांनी, मंगळसूत्र घातल्यावर हेच ऐकण्यापेक्षा ते आज ऐकलेलं बरं.

त्या मुलीशी बोलण्याआधी आईशी बोला, पण परवानगी मागायला म्हणून नव्हे. "मी सांगणार आहे, तुला आधी कळावं म्हणून बोलतोय," एवढंच. बहिणीच्या लग्नाचा मुद्दा आई पुन्हा काढेल. भावाला लहानपणी झालेला आजार लपवण्यासारखा आहे असं घरानंच ठरवलं, तर बहिणीच्या सासरी तो डागच वाटणार. घरानं तो मोकळेपणी सांगितला, तर त्या आजाराचं बरं झालेलं तोंड लोकांसमोर असेल : तुम्ही. वडिलांचा पत्रात उल्लेख नाही. असतील तर त्यांना बरोबर घ्या, अशा वेळी गप्प बसणारे वडील कधी कधी अनपेक्षितपणे बाजूला उभे राहतात.

इंजेक्शनबद्दल विचारलंत, त्याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे, आणि तो वृषणाला दिला जाणारा इशारा बंद करतो. जे थोडेफार शुक्राणू असतील तेही थांबतात. मूल हवं असलेल्या पुरुषानं ही इंजेक्शनं हार्मोनतज्ज्ञानं सांगितल्याशिवाय घेऊच नयेत. ट्रेनरला काय सांगायचं ते तुम्ही बघा. पावडरी आणि 'शक्तिवर्धक' काढे यांवर पैसे घालवायच्या आधी तंबाखू आणि सिगारेट असेल तर ती सोडा.

फाइल उघडलीच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या, त्यांचा लग्नाशी संबंध नाही. मानेला लाइट मिळालेल्यांमध्ये पुढे थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून दरवर्षी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांकडून मान चाचपून घ्यावी. तुमच्या कार्डावर डॉक्सोरुबिसिन आहे, ते हृदयाच्या स्नायूवर उशिरा परिणाम करू शकतं, म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा. आणि ब्लिओमायसिन मिळालेलं असल्यानं पुढे कधी कुठलीही शस्त्रक्रिया झाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगायचं. टाटा मेमोरियलमध्ये बालपणीच्या कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी 'ॲक्ट' क्लिनिक १९९१ पासून चालतं, नेमकं याच उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गट आहे, त्यात तुमच्याच वाटेनं गेलेली तरुण मंडळी भेटतात. साखरपुड्याआधी कुणी कसं सांगितलं, हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

हे सदर वाचणाऱ्या इतर आई-वडिलांसाठी थोडं. बाळाचं वृषण पिशवीत उतरलेलं नसेल तर 'होईल आपोआप' म्हणत शाळेत जाईपर्यंत थांबू नका. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायची, नंतर बालशल्यविशारदाला दाखवायचं आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया उरकायची. एकाच बाजूचं असेल तर पुढे बाप होण्याचं प्रमाण जवळपास इतरांइतकंच राहतं, दोन्ही बाजूंचं असेल तर ते बरंच घटतं. गालगुंड वयात आल्यावर झालं तर वृषणाला सूज येऊ शकते. पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, पण सरकारी लसीकरणातल्या गोवर-रुबेलाच्या लशीत गालगुंडाचा भाग नसतो, तेव्हा गालगुंडाचाही भाग असलेल्या एमएमआर लशीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये साठलेल्या लोहानं मेंदूतली ग्रंथी मंदावते. तिथे वृषण बरेचदा शाबूत असतं आणि हार्मोनच्या इंजेक्शनांनी शुक्राणू सुरू करता येतात. टेस्टोस्टेरॉन नव्हे, वेगळी इंजेक्शनं.

आणि ज्यांच्या मुलाची केमो आत्ता सुरू व्हायची आहे, त्यांनी पहिल्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना विचारावं : या औषधांनी पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का, आणि आत्ता काही साठवून ठेवता येईल का? रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत हा धोका बऱ्याचदा कमी असतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीच्या औषधांत तो मोठा असतो. मुलगा तेरा-चौदाचा असेल, वयात आला असेल, तर वीर्य गोठवून ठेवता येतं. नमुना द्यायला एक-दोन दिवस पुरतात आणि केमो त्यासाठी फारशी अडत नाही. मुलाशी हे आईनं बोलायचं की बाबांनी, यात दिवस घालवू नका. दोघांना जमत नसेल तर डॉक्टरांना त्याच्याशी एकट्यानं बोलू द्या, मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा सरळ उत्तर देतात. त्याहून लहान मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा गोठवून ठेवायचा प्रयोग काही देशांत चालू आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांच्या प्रयोगात अशाच गोठवलेल्या ऊतीपासून मिळालेल्या शुक्राणूतून ग्रेडी नावाची माकडीण जन्मली, ते २०१९ मध्ये जाहीर झालं. ब्रसेल्समध्ये २०२५ च्या सुरुवातीला, लहानपणी काढून ठेवलेली ऊती एका तरुणाच्या शरीरात परत बसवली गेली. हे अजून संशोधनच आहे, त्याच्या नावावर कुणी खात्रीची भाषा करून पैसे मागत असेल तर उठून बाहेर या. पण वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवणं हा प्रयोग नाही, ती अनेक वर्षं रुळलेली सोय आहे, आणि केमोच्या आधीच ती वापरायची असते.